दारात विचारलेला ‘मी’

शरव आला की आधी माझ्या ओठांना कळतं. मग दोरीवरच्या कपड्यांना. चादरीचं दुसरं टोक चिमट्यात अडकवेपर्यंत पहिलं टोक वाळून कडक झालेलं असतं. पूर्वेकडच्या वाळवंटातून हा गरम वारा येतो, आभाळाला धुळीचा रंग चढतो, दाराची कडी हाताला भाजते आणि येरुहामच्या आमच्या बिल्डिंगीतली माणसं काही कारण नसताना एकमेकांवर खेकसायला लागतात. आई होती तेव्हा म्हणायची, “भट्टी उघडली गं बाई,” आणि लगेच पापडाचं पीठ भिजवायला घ्यायची. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथे, ज्यूंच्या देशात, आलेल्या त्या बाईला या देशाची एकच हवा मनापासून आवडली, ती ही. सकाळी घातलेले पापड दुपारी डब्यात. बाकी सगळ्यांना शरव म्हणजे डोकेदुखी, आणि शिकणाऱ्या पोरांना परीक्षा.

यंदाचा शरव आला तो ओरलीच्या फोनबरोबर. ओरली माझी मुलगी, मला इथल्या रीतीनं इमा म्हणते, म्हणजे आई. बेर-शेवाला शिकते, तिथेच होस्टेलात राहते. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, असं आमचं बोलणं तिच्या लहानपणापासून चालत आलंय, आणि दोघींनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

“इमा, मला आमच्या मजल्याची मदरिखा केलं,” ती म्हणाली.

मदरिखा म्हणजे होस्टेलच्या मुलींमधलीच एक मुलगी, जिला बाकीच्या मुलींची पुढारी नेमतात. ओरलीच्या म्हणण्याप्रमाणे ती मुलींना मदत करते आणि त्यांचं म्हणणं वर पोचवते. वर काय काय पोचतं ते मला विचारा.

“कोणी केलं?” मी विचारलं. अभिनंदन नाही, काही नाही, पहिला प्रश्न हा.

“मुलींनीच. मतं दिली.”

“मतं मोजली कोणी?”

मग ओरली म्हणाली, “इमा, एक सांगू? मी स्वयंपाकघरात गेले की मुली बोलायच्या थांबतात. काल दोघी पटकन भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती.”

“होणारच तसं. आम्हीही थांबायचो.”

“पण मी काय केलंय?”

“तुला काही करायला लागत नाही, पोरी. ती जागाच तशी.”

“बरं, हे कोणाला सांगू नकोस हं,” ती म्हणाली.

“मी कोणाला सांगते!” मी म्हटलं. त्यावर ती का हसली कोण जाणे. फोन ठेवला आणि मी शेजारच्या सोफीबाईंकडे जाऊन ही बातमी देऊन आले. शेजारणीला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे.

तेव्हापासून डोक्यात आमच्या वेळची मदरिखा, तिर्झा, घुसली आहे. इतकी वर्षं झाली, पण शरव आला की ती रबरी चपला घालून येतेच.

सत्तर साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. बेर-शेवातलं मुलींचं मास्तरणी व्हायचं कॉलेज, मागे दुमजली होस्टेल, अंगणात निलगिरीची झाडं. उन्हानं त्यांची साल सुटायची आणि सगळ्या इमारतीला सर्दीच्या औषधाचा वास यायचा. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक कपाट आणि एक खिडकी. शरवात खिडकीच्या झडपा बंद करून त्यांवर ओली चादर टांगायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. पाय पाण्याच्या घमेल्यात आणि मांडीवर बालमानसशास्त्र, असा आमचा अभ्यास. सकाळी जेवणघरात उकडलेलं अंडं, काकडी, टोमॅटो आणि आंबट दही. संध्याकाळी तेच, फक्त अंडं थंडगार. मीठ होतं, तिखट नावाला नाही. पहिल्या महिन्यात मी रोज रात्री आईच्या मसाल्याच्या डब्याची स्वप्नं बघायची, शप्पत.

त्या खोलीत माझ्याबरोबर फ्लोरा. ती आमच्याच येरुहामची. आम्ही एकाच बोटीनं आलो, एकाच वर्गात हिब्रूची बाराखडी गिरवली. तिचे वडील इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी गेले. आई बाटल्यांच्या कारखान्यात, दोन खोल्यांत चार धाकटी भावंडं, आणि वर मामा, ज्यांचं म्हणणं घरात शेवटचं. मामा म्हणाले होते, “होस्टेल मिळतंय तोवर शीक. होस्टेल सुटलं की कारखान्यात तुझी जागा मी बोलून ठेवली आहे.” येरुहामहून रोज ये-जा करावी तर बसचा भरवसा नाही, आणि त्या घरात अभ्यास करायला कोपरासुद्धा नाही. तेव्हा फ्लोराचं मास्तरीण होणं त्या एका लोखंडी खाटेवर अवलंबून होतं. खाट गेली की सगळं गेलं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं.

आमच्या खोलीत एक गंमत चालायची. हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. दार वाजलं की आतलं माणूस विचारतं, “मी?” आणि आमच्या लोकांच्या तोंडून बाहेरून उत्तर येतं, “मी.” ऐकणाऱ्याला वाटतं दोन वेडी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहून एकमेकांना कोण, कोण करतायत. आई नवी नवी आली तेव्हा शेजारच्या रुमानियन बाईच्या दारात अशीच उभी राहिली होती, हातात घावनांची बशी. आतून “मी?” बाहेरून “मी.” आतून जरा मोठ्यानं “मी?” बाहेरून त्याहून मोठ्यानं “अहो मी!” घावन थंड झाले, पण दार उघडलं नाही.

दवाखान्यात तर याहून मजा. तिथे रांग अशी नसतेच. येणाऱ्यानं दारातून विचारायचं, “मी अखरोन?” म्हणजे शेवटचं कोण, आणि जो असेल त्याच्यामागे आपला नंबर धरायचा. पहिल्यांदा कोणी तसं विचारलं तेव्हा आईला वाटलं, बिचारा म्हणतोय मी शेवटचा. “बरं बाबा, बस,” ती म्हणाली आणि सरकून त्याला जागा दिली. या गोष्टी मी आणि फ्लोरा इतक्या वेळा एकमेकींना सांगायचो की खोलीचं दार वाजलं की बाहेरची ठरवूनच “मी” म्हणायची आणि आतली हसत कडी काढायची.

आता तिर्झा. आमची मदरिखा. आमच्याहून एक वर्ष पुढे, उंच, केस कानापर्यंत कापलेले, आणि पायात त्या रबरी चपला ज्यांचा आवाज यायचा नाही. ज्याला लपवायचं काही नाही तो माणूस वाजत येतो की नाही? ही मागून येऊन उभी राहायची आणि मग कळायचं की बराच वेळ उभी आहे. तिला जिन्याजवळची स्वतंत्र खोली मिळाली होती, फुकट. सगळ्या दोघी-दोघी कोंबलेल्या आणि ही एकटी ऐसपैस. मतं आम्ही दिली होती खरी, कागदाच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकून, पण ती टोपली आत नेली मेट्रनबाईंनी आणि नाव बाहेर सांगितलं तेही मेट्रनबाईंनीच. मी ज्या ज्या मुलीला विचारलं तिनं दुसऱ्याच कोणाला तरी मत दिलेलं. मग ही निवडून आली कशी?

संध्याकाळी ती मेट्रनच्या खोलीत जायची, अर्ध्या तासानं बाहेर यायची. पाणी येत नाही, जिन्यात दिवा नाही, असलं काहीतरी बोलते म्हणे. दिवा लागला की मुली म्हणायच्या, बघा, तिनं लावून घेतला. मी म्हणायची, दिव्याच्या बदल्यात काय दिलं ते विचारा. मुली मान डोलवायच्या. पुढारी म्हटला की त्याचं एक तोंड आपल्याकडे आणि दुसरं साहेबाकडे असतंच, आणि आपल्याला दिसतं तेवढंच खरं धरून कसं चालेल? असं मला तेव्हा वाटायचं. अगदी खोटं वाटायचं असंही नाही.

आणि आम्हाला संशय शिकवायला लागत नव्हता. त्याच्या थोडंच आधी आमच्या मराठी लोकांचं लग्न नोंदवायला गेलं की इथले धर्मगुरू आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण, असं विचारत सुटायचे, जणू आम्ही ज्यू आहोत हे आमच्या पणज्यांनी येऊन सांगायला हवं. आमची माणसं त्यावरून रस्त्यावर बसली, मग तो नियम मागे घेतला. पण माझ्या मावसबहिणीचं लग्न त्या भानगडीत लटकलं ते लटकलंच, मुलाकडच्यांनी दुसरी पाहिली. तेव्हापासून आमच्या घरात कोणी नावं विचारायला लागलं की आईचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

त्या परीक्षेच्या शरवात फ्लोराला ताप चढला. दिवसभर कण्हत पडलेली. तिर्झा आली, कपाळाला हात लावला आणि बाहेर पडताना दारात थांबून मला विचारलं, “हिच्या आईचं नाव काय?”

“कशाला?”

“हवंय.”

झालं. तापल्या अंगाच्या मुलीच्या आईचं नाव हिला कशाला? “राखेल,” मी ठोकून दिलं. फ्लोराच्या आईचं नाव सिपोरा. तिर्झानं ते ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि गेली. मला वाटलं, वा मिलका, शाबास! कोण कुठली राखेल शोधत बस म्हणावं.

ताप उतरला, पण फ्लोराच्या तोंडाची चव गेली. अंडं नको, दही नको, पाव तर बघवेना. आणि तिच्या कपाटात, चार पेपरांत आणि एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, मुंबईहून आलेल्या आत्यानं दिलेले सुके बोंबील होते. खालच्या ट्रंकेत घरून आणलेली छोटी विजेची शेगडी. खोलीत शेगडी सापडली तर होस्टेल सोडावं लागेल, हे पहिल्याच दिवशी आम्हाला वाचून दाखवलं होतं. पण आजारातून उठलेल्या माणसाला बोंबील दिसले की नियम कुठे आठवतात? भर दुपारी, झडपा बंद करून, तिनं शेगडी लावली. मी घमेल्यात पाय बुडवून बसलेले, तोंडाला पाणी सुटलेलं. नको म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

बोंबील भाजल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला भूक लागते. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं जवळपास काहीतरी मेलंय. वास मजलाभर गेला. आणि मग भिंतीत फट्‌ असा आवाज झाला आणि सगळ्या मजल्यावरचे पंखे एकदम थांबले. शरवाची ती दुपार, दुसऱ्या दिवशी पेपर, आणि पंखे बंद. एकेक दार उघडून मुली करवादत बाहेर आल्या. फ्लोरानं शेगडी पायानं खाटेखाली ढकलली, बोंबील अभ्र्यात कोंबले आणि उभी राहिली. मी दार लोटून घेतलं.

पावलं वाजली नाहीत. दार आपोआप उघडावं तसं उघडलं आणि चौकटीत तिर्झा.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फ्लोराकडे. खाटेखालून धूर येत नव्हता, पण वासाला कुठे लपवणार? तिर्झानं एकच शब्द विचारला.

“मी?”

आणि फ्लोरा, ताठ उभी, बोटांना बोंबलाची राख, म्हणाली, “मी.”

आठ वर्षं या देशात राहिलेली मुलगी. हिब्रू निबंधात माझ्यापुढे. पण भीतीनं तिच्या तोंडून जे निघालं ते आईच्या भाषेतलं निघालं. मला त्याच क्षणी हसू फुटायला आलं, ते मी ओठ चावून दाबलं.

तिर्झा तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “मी विचारते कोण, आणि तू उलट मलाच विचारतेस कोण?”

तिर्झानं हळूच दार ओढून घेतलं. पुढच्या दारावर टकटक झाली आणि पुन्हा तोच शब्द ऐकू आला.

“मी कबूल केलं,” फ्लोरा खाटेवर बसत म्हणाली.

“मराठीत केलंस. तिला कुठे मराठी येतं?”

“देवाला येतं ना.”

“अगं, चौकशी देवाची नाही चाललेली, मेट्रनची चाललीय!”

“म्हणजे मी खोटं बोलले का गं, मिलका? मी खरं तेच सांगितलं, पण तिला भलतंच ऐकू आलं. मग ते खरं की खोटं?” तिचे डोळे भरले. “मी जाते आणि सांगते तिला. एकच तर शब्द आहे. अनी.”

अनी म्हणजे हिब्रूतला आपला मी. तेवढा एक शब्द उच्चारला की तिची खाट जाणार होती. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. “मामांनी जागा बोलून ठेवली आहे कारखान्यात, विसरलीस? जन्मभर बाटल्या मोजायच्या आहेत का? तिनं सगळं ओळखलंय, ती फक्त बघतेय तू काय करतेस ते. ही माणसं अशीच जाळं टाकून बसतात.” फ्लोरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वायरमन आला, त्यानं आमच्याच बाजूची तार जळल्याचं सांगितलं. संध्याकाळी जेवणघरात मेट्रनबाई उभ्या राहिल्या. जिनं शेगडी लावली तिनं आपण होऊन यावं. नाहीतर शेवटच्या पेपरापर्यंत मदरिखा शोधून काढेल, आणि त्या मुलीनं आपलं सामान उचलावं. सगळ्यांनी तिर्झाकडे पाहिलं. तिर्झा काकडी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. बाहेर वारा धूळ उडवतोय आणि आत मी तिर्झाची एकेक हालचाल टिपतेय. तिनं स्वतःचा टेबलफॅन आणून फ्लोराच्या उशाशी लावला. का? रोज फॅन बघायच्या निमित्तानं आत यायला मिळावं म्हणून. तिनं लिंबू-पाणी आणलं. का? जीभ सैल व्हावी म्हणून. एकदा जिन्यात मला गाठून विचारलं, “त्या माशाला तुम्ही काय म्हणता?” मी म्हटलं, “कुठला मासा?” ती हसली. पुरावा गोळा करतेय मेली! मी तसं चार जणींना सांगितलं, त्या चौघींनी आणखी कोणाकोणाला. ती आली की स्वयंपाकघरात फक्त नळाचा आवाज. कोणी तिच्याबरोबर टेबलाला बसेना. ती ताट घेऊन खिडकीकडे तोंड करून जेवायची.

आणि फ्लोरा? तिचं मला नवल वाटायचं. पहिली रात्र तळमळली, पण दुसऱ्या दिवशीपासून शांत. पेपर लिहून येते, अंडं खाते, झोपते. डोक्यावर एवढं संकट आणि ही बया घोरते! एकदा मी चिडून विचारलं, “तुला भीती वाटत नाही का?”

“वाटते,” ती म्हणाली, आणि पुस्तकाचं पान उलटलं.

मला तर तिचाही संशय यायला लागला होता. कसला ते मात्र सांगता येईना.

शेवटचा पेपर झाला. आम्ही सामान बांधून बसलो, आता बोलावणं येईल म्हणून. आलं नाही. संध्याकाळी जिन्याजवळच्या खोलीचं दार सताड उघडं दिसलं. खाटेवर नुसती गादी. तिर्झा गेली होती. मी तर्क बांधायला वेळ लावला नाही. चुगली करून बक्षीस मिळवलं असणार, मेट्रननं गावात चांगली जागा दिली असणार, आणि आमची नोटीस पोस्टानं येईल. बस स्टँडवर पोचेपर्यंत माझं हे सगळ्यांना सांगून झालं होतं.

“तुला कोणी सांगितलं?” फ्लोरानं विचारलं.

“दिसतंच की.”

तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मला वाटलं हिला पुन्हा ताप आलाय.

नोटीस आली नाही. निकाल आला, फ्लोरा पहिल्या पाचांत. तिच्या आईनं एलियाहू हन्नबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलला होता, तो फेडायला मलिदा केला. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वर केळी, खजूर, सफरचंदं. घर माणसांनी भरलेलं, मामासुद्धा खुशीत. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर फ्लोरानं एक वाटा बाजूला काढला, केळीच्या पानाऐवजी मेणकागदात बांधला आणि ‘आले’ म्हणून बसच्या थांब्याकडे गेली. मी खिडकीतून पाहिलं. बेर-शेवाच्या बसमध्ये चढली. मलिद्याचा वाटा घेऊन कोणाकडे? मुलगा असणार. मी महिनाभर खोदून खोदून विचारलं, पण तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या वर्षी तिर्झा वर्गांच्या बाजूला दिसायची, दप्तर खांद्यावर, धापा टाकत, बहुतेक उशिरा. कोणी तिच्याशी बोलत नसे. मी तर तोंडच फिरवायची. मग ती पास होऊन गेली, आम्ही पास झालो, फ्लोरा मास्तरीण होऊन नेतिवोतला गेली, मी लग्न करून येरुहामलाच राहिले. त्या एका ‘मी’ची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याला हिशेब नाही. दर वेळी लोक पोट धरून हसतात, आणि दर वेळी शेवटी मी म्हणते, मूर्ख होती ती मदरिखा, तिला कळलंच नाही. संशयात ही एक सोय असते. माणूस आपल्याला हवा तेव्हा लबाड, हवा तेव्हा मूर्ख ठरवता येतो.

या आठवड्यात डोळे दाखवायला बेर-शेवाच्या दवाखान्यात गेले. म्हटलं, डॉक्टर झाला की ओरलीच्या होस्टेलवर जाऊ, बघू तरी कोण कोण गप्प होतंय ते. शरव ऐन भरात. आत पंखा गरगरतोय आणि बाकांवर माणसं वर्तमानपत्रांनी वारा घेतायत. मी घाम पुसत दारात उभी राहिले आणि रीतीप्रमाणे विचारलं, “मी अखरोन?”

कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, “मी.”

दोन-चार जणांनी वळून पाहिलं. एक म्हातारा तिला म्हणाला, “तीच तर विचारतेय, कोण?” ती बाई माझ्याकडे बघत हसत होती. केस पांढरे, तसेच कानापर्यंत कापलेले. मी तिच्या पायांकडे पाहिलं. रबरी चपला नव्हत्या, पण तीच.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. “तुला मराठी येतं?” मी विचारलं.

“एकच शब्द,” तिर्झा म्हणाली. “फ्लोरानं शिकवला. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात आली. म्हणाली, काल मी तुला विचारत नव्हते, सांगत होते. आमच्या भाषेत मी म्हणजे अनी.”

“मग तू मेट्रनला सांगितलं नाहीस?”

“मी म्हटलं, फ्लोरा, मला तुमची भाषा येत नाही. मी काल दारात जे ऐकलं तेच ऐकलं.” ती हसली. “मेट्रनला सांगितलं, प्रत्येक दारात विचारलं, कोणीही अनी म्हणालं नाही. ती म्हणाली, मग तू मदरिखा कसली? खोली रिकामी कर. एक वर्ष किर्यात गात गावी मावशीकडे राहिले. रोज बस.”

बक्षिसाची जी गोष्ट मी पसरवली ती तिलाही ठाऊक असणार, तेव्हा तर सगळ्या कॉलेजला ठाऊक होती.

“ते गोड पोहे छान होते,” ती म्हणाली. “बस स्टँडवरच बसून खाल्ले. आणि ताप उतरला होता ना तिचा? माझे वडील सिनेगॉगमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, त्यात आईचं नाव घ्यायला लागतं. फ्लोरा बत राखेल. अजून आठवतं मला.”

फ्लोरा बत राखेल. राखेलची मुलगी फ्लोरा. कोण्या राखेलची कोणती फ्लोरा बरी झाली असेल देव जाणे. मी मान खाली घातली.

“फ्लोरा भेटते तुला?” मी विचारलं.

“दर रोश हशानाला, नवं वर्ष लागलं की, फोन करते. कधी चुकली नाही.”

इतकी वर्षं. दर आठवड्याला मी नेतिवोतला फोन लावते. भाजीचा भाव, गुडघे, पोरांची लग्नं, काही म्हणजे काही आमच्यात राहिलेलं नाही असं मी समजून होते. “मला कधी बोलली नाही,” मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. “मी तिची मैत्रीण! त्या खोलीत मी होते! मला का नाही सांगितलं?”

तिर्झानं वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. तिला सांगायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाली, “तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. मिलकाला कळू देऊ नकोस. म्हणाली, मिलका माझ्यासाठी जीव देईल, पण तिच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळेल आणि माझं होस्टेल जाईल.”

मी तोंड उघडलं. म्हणणार होते, मी कोणाला सांगते! आणि मला ओरलीचं हसू आठवलं, आणि फोन ठेवून पायात चपला अडकवून सोफीबाईंकडे गेलेली मी. मी तोंड मिटलं. सबंध मजला ज्या एका तोंडाला घाबरून राहायला हवा होता ते माझं होतं, आणि मी जिन्याजवळच्या खोलीवर पहारा करत होते.

आतून तिर्झाचं नाव पुकारलं. ती उठली, जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. बाकावरची तिची जागा गरम होती, माझीही. मी एकटीच बसून राहिले.

दार ढकलून एक माणूस धुळीनं भरलेला आत आला. रुमालानं मान पुसत त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “मी अखरोन?”

हिब्रूत तो विचारत होता, शेवटचं कोण. पण मला त्या दिवशी आईच्या कानांनी ऐकू आलं. मी शेवटची. सगळं सगळ्यांना कळून चुकल्यावर, सगळ्यांच्या मागे, मी.

“हो,” मी म्हटलं, आणि सरकून त्याला जागा दिली.